पुढच्या महिन्यात कोणत्या कादंबऱ्या वाचायच्या? संशोधनाच्या पद्धतीने ठरवून बघू



संशोधनाची तयारी करताना 'रिसर्च डिझाइन', 'सॅम्पलिंग', 'निवडीचे निकष' हे शब्द आपण पेटसाठी आणि नेटच्या पहिल्या पेपरसाठी पाठ करतो. व्याख्या येते, गुणही मिळतात. पण प्रस्ताव लिहायला बसलो की हात थांबतो, कारण हे शब्द स्वतःच्या हाताने कधी वापरलेले नसतात. म्हणून आज ते एका साध्या कामावर वापरून बघू. काम एवढंच: येत्या नोव्हेंबरमध्ये कोणत्या कादंबऱ्या वाचायच्या ते ठरवायचं.

माझा विषय विज्ञानाचा. विज्ञानवाल्यांना कादंबरी म्हणजे सुट्टीतली गोष्ट वाटते. पण रिव्ह्यू ऑफ लिटरेचर करताना जी अडचण येते तीच इथेही आहे. समोर साहित्य भरपूर, हातात वेळ थोडा, आणि 'हेच का निवडलं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. कादंबऱ्यांवर सराव केला तर एक फायदा आहे. प्रयोग फसला तरी फेलोशिप जात नाही.

आणि वेळ खरंच थोडा आहे. आमच्या झरी जामणी तालुक्यात नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचा महिना. मुकुटबन असो, पाटण असो की माथार्जुन, शिकायला बाहेर गेलेली पोरं-पोरी दिवाळीला घरी आली की चार दिवस तरी वेचणीला जातात. त्यात विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि डिसेंबरच्या नेटचा अभ्यास. एवढ्यातून कादंबरीला जो वेळ उरतो तो कशावर खर्च करायचा, हे ठरवून घेतलेलं बरं.

पायरी १: यादीच्या आधी प्रश्न

'वाचायलाच हव्यात अशा पन्नास मराठी कादंबऱ्या' छापाच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्यातल्या पहिल्या चार उचलल्या तर वाचन होईल, पण या चारच का, हे सांगता येणार नाही. प्रस्तावाच्या मुलाखतीत नेमकं हेच होतं. विद्यार्थी विषय सांगतो, पुस्तकांची नावं सांगतो, आणि 'तुम्हाला नक्की काय शोधायचंय?' म्हटलं की गप्प होतो.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांसमोर आणखी एक मोह असतो. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना एकच विषय आठवतो, शेतकरी आत्महत्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आधी ठरलेल्या पाहुण्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं आणि शेवटी एका शेतकरी विधवेच्या हस्ते उद्घाटन झालं. विषय महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण 'शेतकरी आत्महत्या का करतात?' हा प्रश्न चार कादंबऱ्यांना विचारण्यासारखा नाही. तो फार मोठा आहे. शिवाय त्याला पीक, कर्ज, बाजारभाव, आरोग्य अशी वेगवेगळी आकडेवारी लागते. प्रश्न आपल्या साधनाला पेलला पाहिजे. तराजू सोन्याचा आणि मोजायचा कापूस, असं चालत नाही.

म्हणून लहान प्रश्न घेऊ, आणि तोही आपल्या जवळचा: शिकलेल्या माणसाच्या शिक्षणाचं गावात काय होतं?

हा प्रश्न कादंबरीला विचारता येतो, कारण कादंबरी माणसाला दिवसेंदिवस, घरात, बांधावर, चावडीवर दाखवते. आणि हा लेख वाचणारे बरेच जण उद्या याच परिस्थितीत असणार आहेत. पदवी घेऊन गावी परत येणार, किंवा संशोधनासाठी दुसऱ्याच्या गावात जाऊन बसणार.

पायरी २: पुस्तकं कुठल्या यादीतून निवडायची?

संशोधनात ज्या यादीतून नमुना निवडतात तिला सॅम्पलिंग फ्रेम म्हणतात. फ्रेम चुकीची असेल तर निवड कितीही काटेकोर केली तरी उपयोग नाही.

समजा आपण ठरवलं की साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्यांतूनच निवडायचं. अशी यादी सोयीची असते, कारण ती तयार मिळते. त्यातून सदानंद देशमुखांची 'बारोमास' (प्रकाशन २००२, पुरस्कार २००४) मिळेल. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (पुरस्कार १९९२) मिळेल. पण भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) मिळणार नाही. नेमाड्यांना अकादमीचा पुरस्कार आहे, पण तो १९९१ चा, 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सुद्धा सुटेल. त्यांना पुरस्कार मिळाला १९८३ मध्ये, 'सत्तांतर'साठी. म्हणजे फक्त पुरस्कारांच्या यादीवर विसंबलो तर आपल्या प्रश्नाच्या दोन मोठ्या कादंबऱ्या समोर येण्याआधीच गळतात.

उपाय सोपा आहे. एका यादीऐवजी तीन ठिकाणं घ्या: पुरस्कारांची यादी, विद्यापीठाच्या मराठी अभ्यासक्रमातली पुस्तकं, आणि जवळच्या ग्रंथालयाचं रजिस्टर. रजिस्टर यासाठी की वाचक खरंच काय घेऊन जातात ते तिथे कळतं. तिन्ही मिळून वीस-पंचवीस नावं झाली की पुरे.

पायरी ३: निकष आधी, नावं नंतर

आता वहीत निकष लिहा. नावं निवडायच्या आधी लिहा, नंतर नाही. नंतर लिहिलेले निकष आवडत्या पुस्तकाच्या बाजूने झुकतात. प्रयोगशाळेतही नियम हाच आहे. कोणतं रीडिंग बाद धरायचं ते प्रयोगाआधी ठरवतात, आकडे बघून नाही.

माझे निकष असे:

१. मुख्य किंवा महत्त्वाचं पात्र शिकलेलं असावं.
२. कथेचा मोठा भाग गावात किंवा पाड्यावर घडावा.
३. मूळ मराठीत लिहिलेली असावी, म्हणजे अनुवादाचा मुद्दा मध्ये येणार नाही.
४. महिन्याच्या वाचनात निदान एक कादंबरी स्त्रीने लिहिलेली आणि स्त्रीच्या नजरेतून असावी.

या निकषांतून चार नावं उरली.

'बनगरवाडी' (१९५५). एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवरच्या शाळेत रुजू होतो. तो बाहेरचा, वाडी जुनी. शाळा भरवण्यापासून तालीम बांधण्यापर्यंत तो वाडीत मिसळत जातो आणि दुष्काळात वाडी उठताना बघतो. फील्डवर्कला जाणाऱ्याने वाचावी अशी.

'कोसला' (१९६३). पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला कॉलेजात जातो आणि शेवटी गावीच परत येतो. शिक्षणाकडे आतून, तिरकसपणे बघणारी.

'बारोमास' (२००२). विदर्भातलं शेतकरी कुटुंब. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही, शेती परवडत नाही. घरात शिकलेली बायको अलका आहे, तिची कोंडी वेगळी.

'ब्र' (२००५). कविता महाजन यांची. स्वयंसेवी संस्थेच्या कामातून एक शहरी स्त्री आदिवासी भागातल्या महिला सरपंचांपर्यंत पोचते. १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. त्या जागांवर बसलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे या कादंबरीत दिसतं.

पायरी ४: चौकोन काढा

आता कागदावर चार घरांचा चौकोन काढा. वर दोन रकाने: 'गावचाच' आणि 'बाहेरून आलेला'. डाव्या बाजूला दोन ओळी: पुरुष आणि स्त्री. मुख्य पात्र बघून एकेक कादंबरी तिच्या घरात लिहा.

गावचाच पुरुष: 'कोसला', 'बारोमास'.
बाहेरून आलेला पुरुष: 'बनगरवाडी'.
बाहेरून आलेली स्त्री: 'ब्र'.
गावचीच शिकलेली स्त्री: हे घर रिकामं.

ही पायरी बहुतेक जण गाळतात. चार चांगल्या कादंबऱ्या निवडल्या, चारही वाचल्या, आणि 'शिकलेल्या माणसाचं गावात काय होतं' यावर निष्कर्ष काढला, तर जी मुलगी वणीला किंवा अमरावतीला एम.एस्सी. करून पाटणला स्वतःच्या घरी परत आली, तिच्याबद्दल आपण एक अक्षरही वाचलेलं नसेल. तरी आपला निष्कर्ष तिलाही लावून मोकळे होऊ. 'माणूस' हा शब्द वापरला की सगळे आले असं वाटतं, म्हणून ही गळती लक्षातही येत नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्या, मुलाखतीत हमखास उपयोगी पडतो. घर रिकामं आहे याचा अर्थ मराठीत अशी कादंबरी नाही, असा होत नाही. आपल्या नमुन्यात नाही, एवढाच होतो. 'नमुन्यात नाही' आणि 'अस्तित्वातच नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीवर उडी मारणाऱ्या प्रस्तावांना 'या विषयावर आजवर काम झालेलं नाही' हे वाक्य फार आवडतं. ते लिहिण्याआधी शोध घ्यावा लागतो. म्हणून महिन्याच्या कामात एक छोटं काम जोडा: रिकाम्या घरासाठी एक पुस्तक शोधणे. ग्रंथपालांना विचारा, मराठीच्या प्राध्यापकांना विचारा. या महिन्यात वाचून झालं नाही तरी चालेल, नाव सापडलं पाहिजे.

चौकोनाबाहेरही एक गोष्ट राहते. आपल्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, गोंड आणि परधान वस्ती आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, आणि कोलामी ही मराठीच्या नव्हे तर द्रविड कुळातली भाषा. तिच्यातला ठेवा मुख्यतः तोंडी चालत आलेला आहे. कादंबरी हे छापील माध्यम, आणि आपला तिसरा निकष 'मूळ मराठी'. म्हणजे पोडावरची पहिली पदवीधर मुलगी स्वतःच्या भाषेत काय सांगते, ते या पद्धतीने हाती येणारच नाही. त्यासाठी पुस्तक ठेवून तिच्याशी बोलायला जावं लागेल. पद्धतीची मर्यादा ती हीच, आणि ती प्रस्तावात लिहायची असते. लिहिल्याने प्रस्ताव कमजोर होत नाही.

पायरी ५: वेळेचं गणित

आता खरी परीक्षा. चार कादंबऱ्या एका महिन्यात होतील का?

आधी स्वतःचा वेग मोजा. कादंबरीच्या मधली दहा पानं घ्या. सुरुवातीची नको, तिथे नावं आणि नाती लक्षात ठेवण्यात वेळ जातो. घड्याळ लावून नेहमीसारखं वाचा. समजा २२ मिनिटं लागली, म्हणजे पानाला २.२ मिनिटं.

बोलीचा परिणाम धरा. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) आपल्याकडचा वाचक झरझर वाचेल, कारण तिच्यातली वऱ्हाडी रोजच्या कानाची. पुण्याचा वाचक तिथेच अडखळेल. आणि 'बनगरवाडी'तल्या माणदेशी बोलण्यावर आपण थोडे हळू होऊ. म्हणून जे वाचायचंय त्याच पुस्तकावर वेग मोजलेला बरा.

आता दिवस. नोव्हेंबरचे ३०. सण, लग्न, परीक्षा, वेचणी मिळून ९ दिवस वजा. उरले २१. रोज ४५ मिनिटं धरली तर २१ × ४५ = ९४५ मिनिटं. भागिले २.२, म्हणजे सुमारे ४३० पानं. यातून पाचवा हिस्सा नोंदी, लाइट जाणं आणि कंटाळा यांच्यासाठी काढून ठेवा. हाती राहिली साधारण ३४० पानं.

चारही पुस्तकांची शेवटची पानं बघा. आवृत्तीगणिक आकडा बदलतो, म्हणून हातातल्या प्रतीचाच घ्या. उदाहरणापुरतं समजा: १३०, ३००, ३५० आणि ४००. बेरीज ११८०. आपली क्षमता ३४०. म्हणजे तिपटीहून जास्त काम अंगावर घेतलं होतं.

हा आकडा बघून दोन चुका होतात. पहिली, 'वेग वाढवू' म्हणणं. दुसरी, सगळंच सोडून देणं. करायच्या गोष्टी दोनच: वेळ थोडा वाढवता येतो का ते बघा, आणि काम कमी करा. वणी-पांढरकवड्याच्या एसटीत, किंवा रात्री फोन हातात घेण्याआधी, अर्धा तास निघतो. मग रोज ७५ मिनिटं. २१ × ७५ = १५७५ मिनिटं, सुमारे ७१५ पानं, पाचवा हिस्सा काढून ५७० च्या आसपास. यात दोन कादंबऱ्या बसतात, एक लहान आणि एक मोठी. चार नाही.

पायरी ६: चारातल्या दोन कोणत्या?

लहान म्हणजे 'बनगरवाडी'. तिच्यासोबत 'बारोमास' (१३० + ३५० = ४८०) बसते आणि 'ब्र' (१३० + ४०० = ५३०) सुद्धा बसते. मन 'बारोमास'कडे ओढतं, कारण ती आपल्या मातीची, कापसाची. पण चौथा निकष आपणच लिहिला होता: निदान एक स्त्रीची नजर. 'बनगरवाडी' आणि 'बारोमास' घेतल्या तर तो पहिल्याच महिन्यात मोडतो. आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हटलेली गोष्ट कायमची पुढच्या वेळी जाते.

म्हणून नोव्हेंबरसाठी 'बनगरवाडी' आणि 'ब्र'. डिसेंबरला 'बारोमास', जानेवारीला 'कोसला'. 'बारोमास' पुढे ढकलायला आणखी एक कारण आहे. वेचणीच्या दिवसांत, घरात मजुरी आणि भावाचा हिशोब चालू असताना ती वाचली, तर घरचं कोणतं आणि पुस्तकातलं कोणतं ते वेगळं ठेवणं कठीण जाईल. महिनाभराने वाचली तर पुस्तक पुस्तक म्हणून दिसेल.

या जोडीत एक गोष्ट सारखी राहते: दोन्हीकडे शिकलेला माणूस बाहेरून येतो. तुलनेला हे चांगलं. पण सावध राहा. एक पुरुष आहे, दुसरी स्त्री. शिवाय दोन्ही पुस्तकांच्या प्रकाशनात ५० वर्षांचं अंतर, प्रदेश वेगळा, समाज वेगळा. समजा तुम्हाला दिसलं की मास्तरला वाडीने लवकर आपलं मानलं आणि 'ब्र'मधल्या बाईला ते जड गेलं. तर हा फरक स्त्री असण्याचा, काळाचा की प्रदेशाचा? दोन पुस्तकांवरून सांगता येणार नाही. प्रयोगात तापमान आणि दाब एकदम बदलले की परिणाम कशाचा ते कळत नाही, तसंच हे. अशा वेळी निष्कर्ष लिहू नका, पुढचा प्रश्न लिहा.

पायरी ७: पुस्तक हातात यायला हवं

कागदावरची योजना इथे अडकते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखालच्या मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. लहान गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयात चारही पुस्तकं असतील अशी अपेक्षा ठेवू नका. महिना सुरू व्हायच्या दहा दिवस आधी फोन करून विचारा. वणी आणि पांढरकवड्याची महाविद्यालयं, यवतमाळचं जिल्हा ग्रंथालय, आपल्या विभागाचं ग्रंथालय, या क्रमाने बघा. पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असेल तर नाव नोंदवून ठेवा.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफपासून लांब राहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. माडगूळकर २००१ मध्ये गेले, कविता महाजन २०१८ मध्ये. ही पुस्तकं अजून हक्काखाली आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी अडचण आहेच. अशा प्रतीत पानं गायब असतात, आवृत्ती कळत नाही, आणि आवृत्ती नसेल तर संदर्भ देता येत नाही. फुकट आणि रीतसर वाचायचं असेल तर हक्क संपलेलं जुनं साहित्य मराठी विकिस्रोतावर आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' तिथे मिळते.

पायरी ८: नोंद आणि थांबण्याचा नियम

कादंबरी हातात पेन घेऊन वाचू नका, मजा जाते. एक बैठक सलग वाचा, मग पाच मिनिटं वहीत लिहा. तीन रकाने पुरे:

- पान आणि प्रसंग: काय घडलं, एका ओळीत.
- प्रश्नाशी संबंध: इथे शिक्षण कामी आलं, आड आलं, की कुणी विचारलंच नाही?
- माझी शंका: हे पात्राचं मत, लेखकाचं, की माझंच?

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मास्तर जे सांगतो ते मास्तरला दिसलेलं आहे. वाडीतल्या माणसांना मास्तर कसा दिसत होता, ते आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं. उद्या मुलाखती घ्यायला पोडावर जाल तेव्हा तुमच्या वहीतही हेच होणार आहे.

थांबायचा नियमही आधीच लिहा. उदाहरणार्थ: ६० पानं वाचूनही पुस्तकाचा प्रश्नाशी काही संबंध दिसला नाही, तर सोडायचं आणि राखीव नावातलं घ्यायचं. सोडताना तारीख आणि कारण लिहायचं. 'बोअर झालं' हेही कारण चालतं, पण लिहा. योजना बदलणं गैर नाही. न सांगता बदलली तर वाचणाऱ्याला आपली निवड तपासता येत नाही.

कादंबरी काय सांगते आणि काय नाही

शेवटी एक मुद्दा, खास विज्ञानवाल्यांसाठी. 'ब्र' वाचून 'महिला सरपंचांना काम करू देत नाहीत' असं विधान प्रस्तावात लिहिता येणार नाही. किती गावांत, किती वेळा, हे कादंबरी सांगत नाही, सांगायचा तिचा दावाही नाही. ती 'कसं' हे दाखवते: ग्रामसभेत कोण कुठे बसतं, सही कोण मागतं, घरी गेल्यावर काय ऐकावं लागतं. यातून प्रश्नावलीतला नेमका प्रश्न मिळतो. उत्तर गावात जाऊनच आणावं लागतं.

हे दोन्ही करणारा एक माणूस आपल्या वऱ्हाडाने बघितलेला आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म रायपूरचा, १८८४ चा, शिक्षण अमरावतीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये पीएच.डी. घेतली, भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, परत येऊन महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. आणि त्याच माणसाने कादंबऱ्याही लिहिल्या. 'गोंडवनांतील प्रियंवदा' १९२६ ची, 'ब्राह्मणकन्या' १९३० ची. समाजाबद्दलचे विचार त्यांनी कादंबरीत मोकळेपणाने मांडले. पण जातीची व्याख्या करायची वेळ आली तेव्हा ती शास्त्रीय ग्रंथात केली, जिथे दुसरा अभ्यासक ती तपासू शकेल. आणि ती तपासली गेलीही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इतरांबरोबर केतकरांची व्याख्याही घेतली, तिचं बलस्थान सांगितलं आणि ती कुठे कमी पडते तेही दाखवलं. अशी तपासणी कादंबरीची होत नाही, विधानाची होते. आपण कुठे काय लिहितोय याचं भान ठेवायचं ते यासाठीच.

तर नोव्हेंबरची योजना, एका पानावर

प्रश्न: शिकलेल्या माणसाच्या शिक्षणाचं गावात काय होतं?
वाचायच्या: 'बनगरवाडी' (१ ते ७ तारीख), 'ब्र' (८ ते २८).
राखीव: 'धग'. तिच्यात शिकलेलं मुख्य पात्र नाही, म्हणून पहिला निकष सोडावा लागेल. घेतलीच तर तसं लिहून ठेवायचं.
रोज: ७५ मिनिटं, त्यातली ५ नोंदीला.
थांबण्याचा नियम: ६० पानं.
छोटं काम: 'गावचीच शिकलेली स्त्री' या घरासाठी एक नाव शोधणे.
२९ आणि ३० तारीख: वही वाचून एक पान लिहिणे. काय दिसलं, कशाबद्दल बोलता येत नाही, आणि पुढचा प्रश्न कोणता.

हे एक पान नीट जमलं तर प्रस्तावाचा कच्चा आराखडा लिहायची पद्धत हातात आली असं समजा. विषय बदलेल, कादंबऱ्यांच्या जागी पेपर येतील, पायऱ्या याच राहतील. आणि रिकाम्या घरासाठी पुस्तक खरंच सापडलं नाही, तर शोध कुठे कुठे घेतला ते तारखेसह लिहून ठेवा. पाटणला परतलेल्या त्या मुलीला भेटायला जायचं कारण मार्गदर्शकांना सांगताना ते पान कामी येईल.